व्हाउचर जोडले आहे काय?

आमच्या पुतणीचा प्रबंध परत आला. खरे म्हणजे लघुप्रबंध. एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला लिहावा लागतो तो. पण घरात त्याचा दरारा थोरल्या प्रबंधाइतकाच होता. तीन महिने आमच्या जेवणाच्या टेबलावर १९७२ चा दुष्काळ पसरलेला होता आणि आम्ही सगळे मांडीवर ताटे घेऊन इकडेतिकडे जेवत होतो. तो दुष्काळ मार्गदर्शक मॅडमनी तपासून परत पाठवला, तेव्हा पानोपानी समासात तांबड्या शाईने एकच शब्द लिहिलेला होता : 'संदर्भ?'

पुतणी रडायच्या बेताला आली होती. मला मात्र त्या मॅडमविषयी एकदम आपुलकी वाटू लागली. बावीस वर्षे मी बँकेत दुसरे काय करीत आलो आहे? खर्चाच्या नोंदीला पेन्सिलीने गोल करायचा आणि शेजारी लिहायचे : 'व्हाउचर?' समोरचा खोटे बोलतो आहे असे त्यात म्हणायचे नसते. चहाचे बावन्न रुपये खरोखरच झाले असतील. सोबत बिस्किटेही आली असतील. पण कागद कुठे आहे? कागद नसेल तर तो चहा, बँकेच्या दृष्टीने, कोणी प्यालेलाच नाही.

"काका, हे सगळं ए.पी.ए. स्टाइलमध्ये करायचंय," ती म्हणाली. "सातवी आवृत्ती."

ए.पी.ए. म्हणजे अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांची संघटना. आपल्याकडच्या दुष्काळाशी अमेरिकन मानसशास्त्रज्ञांचा काय संबंध, असे माझ्या ओठांवर आले होते. पण त्या दुष्काळात आपण अमेरिकेची लाल ज्वारी, ती 'मिलो', पचवली. तेव्हा आता त्यांचे कंस आणि स्वल्पविरामही पचवायला हरकत नसावी, असा विचार करून गप्प बसलो.

मग तिने मला नियम समजावून सांगितले. आधी आडनाव, मग आद्याक्षरे, मग कंसात साल, मग नाव. पुस्तक असेल तर पुस्तकाचे नाव तिरप्या अक्षरांत. मासिकातला लेख असेल तर लेखाचे नाव सरळ आणि मासिकाचे तिरपे. (लेखक सरळ आणि मासिक तिरके, हा अनुभव मी स्वतः घेतलेला आहे.) वर्तमानपत्राला वेगळा नियम, सरकारी अहवालाला वेगळा, भाषांतराला वेगळा. इथपर्यंत ठीक होते. गाडी अडली ती पान ४१ वर.

पान ४१ वर पुतणीने लिहिले होते की, दुष्काळी कामाच्या हजेरीपटावर एखाद्या मजूर बाईचा अंगठा दिसला म्हणजे ती निरक्षर होती असे समजू नये. विधान मोठे होते. समासातला 'संदर्भ?' इथे दोनदा अधोरेखित केलेला होता. आणि संदर्भ म्हणाल तर तो आतल्या खोलीत शेंगा सोलत बसला होता. संदर्भ म्हणजे आमची आई.

आई तेव्हा सतरा वर्षांची होती आणि खडी फोडायच्या कामावर जात होती. चौथी पास. सही येत होती. पहिल्या पगाराच्या दिवशी तिने मुकादमाच्या हातून पेन घेतले आणि नाव लिहायला सुरुवात केली. मागे रांग मोठी. मुकादमाने पेन काढून घेतले, तिचा अंगठा धरला, शाईवर दाबला आणि मस्टरवर टेकवला. पुढे काम संपेपर्यंत तिचा अंगठाच लागत राहिला.

"मग लिही की, आजीनं सांगितलं म्हणून," मी म्हणालो.

"लिहिता येतं, काका. पण ए.पी.ए.मध्ये असल्या सांगण्याला 'व्यक्तिगत संवाद' म्हणतात. मजकुरात कंसात नाव आणि तारीख द्यायची. शेवटच्या यादीत घ्यायचं नाही. कारण वाचणाऱ्याला ते जाऊन बघता येत नाही."

आतून आवाज आला, "कशाच्या यादीत न्हाई म्हणतीय ती?"

हा कायदा केला कोणी, ते बघायचे मी ठरवले. पुढचे चार रविवार वाचनालयात गेले. कॉमर्सचा पदवीधर इतिहासात शिरला की तो आधी हिशेब शोधतो, आणि मला तो पहिल्याच पानावर मिळाला. इसवी सन ७७ च्या सुमाराला रोममध्ये थोरल्या प्लिनीने सृष्टीचा एक ज्ञानकोश लिहिला. त्याचे सदतीस भाग आहेत आणि पहिला अख्खा भाग म्हणजे पुढे काय काय येणार आहे आणि कोणाकोणाच्या ग्रंथांतून घेतले आहे याची यादी. शंभर लेखकांचे दोन हजार ग्रंथ वाचून वीस हजार गोष्टी गोळा केल्या, असा ताळेबंदही त्याने मांडला आहे. वर तक्रार अशी की, लोक जुन्या लेखकांचे शब्दच्या शब्द उतरवून घेतात आणि नाव मात्र घेत नाहीत. दोन हजार वर्षांपूर्वीची तक्रार आहे, हे मुद्दाम सांगतो. हा प्लिनी पुढे व्हेसूव्हियसचा स्फोट झाला तेव्हा जवळून बघायला आणि लोकांना सोडवायला बोट घेऊन गेला आणि तिथेच मेला. मूळ साधनापर्यंत जाण्याचा आग्रह इतकाही नसावा.

आपल्याकडे मल्लिनाथाने कालिदासावर टीका लिहायला घेताना सुरुवातीलाच दोन हम्या दिल्या. एक, आधार नसलेले काही लिहिणार नाही. दोन, गरज नसलेले काही बोलणार नाही. पहिली हमी विद्यापीठांनी उचलली.

पण या सगळ्या इतिहासात मला जिवाभावाचा वाटला तो एडवर्ड गिबन. रोमन साम्राज्याच्या ऱ्हासाचा इतिहास लिहिणारा. त्याचा पहिला खंड १७७६ साली निघाला, तेव्हा टिपा सगळ्या पुस्तकाच्या शेवटी होत्या. तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम त्या वेळी शेवटच्या दुखण्यात होता. तशाही अवस्थेत त्याने प्रकाशकाला पत्र लिहिले. मजकुरात टिपेची खूण दिसली की पुस्तकाचे शेवटचे टोक गाठायचे आणि तिथे काय, तर नुसते एका ग्रंथाचे नाव! या टिपा समासात तरी छापा, नाहीतर पानाच्या तळाशी, असे त्याचे म्हणणे. ऑगस्टमध्ये ह्यूम वारला. पुढच्या आवृत्तीत टिपा तळाला आल्या. मरणाच्या दारात असलेल्या माणसाने छपाईबद्दल तक्रार करावी आणि ती मंजूर व्हावी, याचे मला फार कौतुक वाटले. माझा गॅस-सिलिंडरबद्दलचा अर्ज अजून विचाराधीन आहे.

तर १७७८ साली हेन्री डेव्हिस नावाच्या ऑक्सफर्डच्या विशीतल्या तरुणाने एक आख्खे पुस्तक काढून गिबनवर आरोप केला की, याचे हवाले चुकीचे आहेत, याने ग्रंथ वाचलेलेच नाहीत, दुसऱ्यांचे चोरले आहेत. आरोप गंभीर होता. बँकेच्या भाषेत, व्हाउचरे बनावट. गिबनने पुढच्या वर्षी उत्तर छापले. त्यात तो म्हणतो की, या गृहस्थांशी ओळख करून घ्यायची मला फारशी हौस नाही. पण मी घरी नसेन अशा कोणत्याही दुपारी त्यांनी यावे, माझा नोकर त्यांना माझे ग्रंथालय दाखवील.

हे वाचून मी वाचनालयातल्या बाकावर ताठ बसलो. पान ४१ च्या सगळ्या भानगडीचे मर्म मला या नोकराच्या हातातल्या किल्लीत दिसले. तळटीप म्हणजे विद्वत्ता मिरवायची झालर नव्हे. मी घरी नसताना या, कपाट उघडा, माझे तपासा, असे ते बोलावणे आहे. कॅशियर रजेवर असतानाही कॅश जुळली पाहिजे, ही जी आमची कल्पना, तीच ही.

आता कंसाची गोष्ट. पुतणीला ज्या कंसांनी घाम फोडला, त्यांचा उगम एका गोगलगाईत आहे. हार्वर्ड विद्यापीठात एडवर्ड लॉरेन्स मार्क नावाचे प्राणिशास्त्रज्ञ होते. पाठीवर शंख नसलेली जी बुळबुळीत गोगलगाय पावसाळ्यात भिंतीवर दिसते, तिच्या जातीतल्या एकीच्या अंड्यांवर त्यांनी १८८१ साली एक प्रदीर्घ लेख लिहिला. त्यात १९४ व्या पानावर त्यांनी मजकुराच्या मध्येच कंस केला, त्यात लेखकाचे नाव आणि साल घातले, आणि ही काय नवी पद्धत आहे ते खाली टीप देऊन समजावले. तळटीप बंद करणारी पद्धत तळटीप देऊनच सुरू झाली. या पद्धतीला 'हार्वर्ड पद्धत' म्हणतात. का म्हणतात? तर कोणी एक इंग्रज पाहुणा हार्वर्डच्या ग्रंथालयात गेला, तिथली पद्धत पाहून खूश झाला आणि परत आल्यावर त्याने हे नाव ठेवले, असे ब्रिटिश मेडिकल जर्नलने १९४५ साली सांगितले. पाहुण्याचे नाव नाही, भेटीची तारीख नाही. साऱ्या जगाला नाव-साल विचारणाऱ्या पद्धतीचे स्वतःचे बारसे असे ऐकीव. १९८८ साली एली चेर्निन यांनी त्याच जर्नलमध्ये लेख लिहून गोगलगाईपर्यंत माग काढला.

गोगलगाय सावकाश चालते. तिचे कंस मात्र भराभर पसरले. १९०६ साली शिकागो विद्यापीठाच्या छापखान्याने आपल्या नियमांचे पुस्तक काढले. आता ते हजार पानांच्या वर गेले आहे. मानसशास्त्रज्ञांनी १९२९ साली सात पानांत नियम सांगितले होते. सात! सातव्या आवृत्तीत त्यांची चारशेहून अधिक पाने झाली. १९७८ साली वैद्यकीय मासिकांचे काही संपादक कॅनडातल्या व्हँकूव्हरला जमले आणि त्यांनी नावे-साले सोडून नुसते आकडे घालायची पद्धत सुरू केली. डॉक्टर मंडळींनी आकडे निवडले यात नवल नाही. त्यांनी अक्षरे लिहिली तर ती वाचायची कोणी?

या गर्दीत एक बाई आहेत, त्यांच्यासाठी जरा थांबतो. केट टुराबियन. शिकागो विद्यापीठात प्रबंध स्वीकारण्याच्या कचेरीत १९३० पासून १९५८ पर्यंत सेक्रेटरी होत्या. प्राध्यापिका नव्हेत, कचेरीतल्या, म्हणजे आमच्या बिरादरीतल्या. येणारा प्रत्येक प्रबंध त्यांच्या टेबलावरून जायचा आणि समास, टिपा, स्वल्पविराम त्यांनी पास केल्याशिवाय डॉक्टरी मिळायची नाही. तीच तीच चूक हजारदा सांगून कंटाळल्या असतील, म्हणून १९३७ साली त्यांनी नियमांची एक छोटी पुस्तिका केली. त्या पुस्तिकेचे पुढे पुस्तक झाले आणि त्याच्या प्रती नव्वद लाखांच्या वर खपल्या. ज्या थोर थोर पंडितांचे प्रबंध त्यांनी परत पाठवले, त्यांच्यातल्या कितीजणांची पुस्तके नव्वद हजार तरी खपली असतील?

लॅटिनमध्ये 'इबिद' म्हणून एक शब्द आहे. वरच्याच ठिकाणी, असा अर्थ. मराठी प्रबंधांत त्याला 'तत्रैव' म्हणतात. शिकागोवाल्यांनी २०१७ साली सांगितले की आता हे 'इबिद' शक्यतो वापरू नका. मला वाईट वाटले ते लॅटिनसाठी नव्हे. आमच्या जुन्या हिशेबाच्या वह्यांत याच कामाला एक झकास शब्द होता : 'कित्ता'. वर गूळ, खाली कित्ता. इतका सोयीचा शब्द असताना आमच्या पंडितांनी तो मुलांना गिरवायला दिला आणि स्वतः तत्रैव गेले.

आणि आता आपल्या घरी येतो. कारण माझ्या आईवरचा सर्वांत मोठा आक्षेप अमेरिकेतून आलेला नाही, तो पुण्यातून आला.

ग्रँट डफने १८२६ साली मराठ्यांचा इतिहास तीन खंडांत छापला. त्याच्या टिपांत जागोजाग मराठी हस्तलिखितांचा हवाला आहे. ती हस्तलिखिते कुठली, कोणाच्या घरची, ती बघायची कशी? नकला मुंबईच्या लिटररी सोसायटीकडे ठेवल्याचे तो सांगतो. पण पुढे त्यांचा शोध घेणाऱ्यांच्या हाती फारसे काही लागले नाही. थोडक्यात, गिबनचा नोकर दारात आहे पण कपाट रिकामे. नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनी विद्यार्थीदशेत, १८६७ साली, या इतिहासाची जाहीर झडती घेतली. आणि मग विश्वनाथ काशिनाथ राजवाडे आले. हे काही टीप देऊन गप्प बसणारे नव्हते. गावोगाव हिंडून, वाड्यांच्या माळ्यांवरून, वाळवीच्या तोंडातून कागद काढून त्यांनी ते कागदच छापायला सुरुवात केली. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' याचा पहिला खंड १८९८ साली निघाला. असे बावीस खंड झाले. प्रत्येक पत्राला लेखांक. इतिहास नंतर लिहू. आधी व्हाउचरची फाइल लावू. असा माणूस आमच्या बँकेत असता तर वार्षिक तपासणीला आम्ही फुलांचे हार घेऊन उभे राहिलो असतो.

पण राजवाड्यांचे एक ठाम मत होते. अस्सल कागदाचे एक चिटोरे बखरींच्या ढिगाऱ्याला भारी पडते. त्या काळी झालेला कागद तो खरा. मागाहून कोणी आठवून सांगितले ती बखर.

हे वाचले आणि माझी पंचाईत झाली. कारण या मापाने मस्टर म्हणजे अस्सल चिटोरे आणि आमची आई म्हणजे बखर. मस्टर म्हणते अंगठा. त्याच वर्षी, त्याच जागी, सरकारी शाईने म्हणते. आई म्हणते मला सही येत होती. आणि म्हणते कधी, तर पन्नास वर्षांनी, शेंगा सोलताना. बावीस वर्षांचा माझा सगळा अनुभव मस्टरच्या बाजूला उभा होता.

तरी त्या रात्री मला झोप लागेना. एक जुनी पेन्शनची तारीख आठवत राहिली. काउंटरसमोर रांग दारापर्यंत. एक म्हातारी पुढे आली, पिशवीतून चष्मा काढला, चष्म्याच्या डबीतून रुमाल काढला, काच पुसली, आणि फॉर्मवर सावकाश एक 'स' काढला. मी म्हणालो, "आजी, राहू द्या सही, अंगठाच द्या. लवकर होईल." नियमाप्रमाणे अंगठ्याला साक्षीदार लागतात. तेही मी रांगेतून मिळवले. व्हाउचर अगदी चोख झाले. पन्नास वर्षांनी एखादी एम.ए.ची मुलगी ते उघडील आणि लिहील की, ही बाई निरक्षर होती. कागद अस्सल, साक्षीदार खरे, तारीख बरोबर. खोटे त्यात काहीच नाही.

याच्या उलट टोकाचीही गोष्ट सांगतो. २०२३ साली न्यूयॉर्कच्या एका कोर्टात एका वकिलाने निवेदन दिले. त्यात पूर्वीच्या निकालांचे हवाले होते. पक्षकारांची नावे, खंड, पान, साल, कंस सगळे जागच्या जागी. टुराबियनबाईंनीसुद्धा पास केले असते. फक्त त्यातले सहा निकाल कधी लागलेलेच नव्हते; वकिलाने ते संगणकाच्या बोलक्या यंत्राकडून घेतले होते. यंत्राला त्याने विचारलेही होते, हे खरे आहेत ना? ते हो म्हणाले. बनावट नोट घेऊन आलेल्यालाच नोट तपासायला बसवण्यातला हा प्रकार. कोर्टाने पाच हजार डॉलर दंड केला.

म्हणजे नियमात बसणारे असे खोटे असू शकते, आणि नियमात न बसणारी आमची आई. हे मी पुतणीला सांगितले, तेव्हा तिने उलट मलाच एक सांगितले. लोरिशिया मॅक्लाउड नावाच्या कॅनडातल्या एक ग्रंथपाल आहेत, स्वतः क्री या मूळ रहिवासी समाजातल्या. आपल्या समाजातल्या वडीलधाऱ्यांनी तोंडी सांगितलेले ज्ञान यादीबाहेर का, असा प्रश्न त्यांनी धरला आणि २०२१ साली त्यासाठी नमुनाच छापला. नाव, समाज, राहण्याचे ठिकाण, कशाबद्दल सांगितले, तारीख. आणि हे सगळे यादीत, पुस्तकांच्या मांडीला मांडी लावून. पुतणीने तो नमुना मॅडमना दाखवला.

मॅडम म्हणाल्या, "तो त्यांच्या वडीलधाऱ्यांसाठी आहे. आपल्याला सोयीचा वाटला म्हणून सरसकट उचलायचा नाही. पण ही तर तू स्वतः घेतलेली मुलाखत आहे. ती व्यक्तिगत संवाद कशी? ते तुझं साधन. पूर्ण मुलाखत परिशिष्टात जोड. कोणी, कुठे, कधी, काय सांगितलं. आणि आजींचं संमतीपत्र घे." म्हणजे मल्लिनाथाची दुसरी हमीही पाळणाऱ्या बाई निघाल्या. राजवाडे करीत तेच त्या करायला सांगत होत्या. नुसता हवाला नको, साधनच छापा.

संमतीपत्र आले. मी आईला चष्मा दिला आणि तिला टेबलाशी बसवले. दुष्काळ थोडा बाजूला सारून जागा केली.

"काय लिहिलंय ह्यात?"

पुतणीने वाचून दाखवले.

"आन् यादीत नाव येणार?"

"यादीत नाही आजी, परिशिष्टात. शेवटी. पण पूर्ण मुलाखत येणार, आठ पानं."

"आठ पानं!" आईने माझ्याकडे पाहिले. माझे आजवर कुठेही आठ पाने छापून आलेले नाही, हे तिला माहीत आहे. "आन् अंगठा नको ना?"

"नको गं. सही कर."

तिने सही करायला घेतली. वेळ लागला. मागे रांग नव्हती, फक्त सौ. कुकर उतरवायला उठली होती ती परत येऊन उभी राहिली. एकेक अक्षर काढून झाल्यावर आईने पेनचे टोपण लावले आणि कागद माझ्याकडे सरकवला. सवयीने मी सही तपासली. आमच्याच शाखेत तिचे खाते आहे, नमुना सही मला पाठ आहे. ही ती नव्हती. इथे तिने वडिलांचे नाव आणि माहेरचे आडनाव लिहिले होते.

"आई, हे जुनं नाव लिहिलंस."

"तवा माझं हेच नाव व्हतं," आई म्हणाली. "खडी लग्नाआधी फोडली मी."

नमुन्याशी सही जुळत नव्हती. मी खाली साक्षीदार म्हणून सही केली आणि कागद पास केला.